ई ड्राइव्हची वाटणी

दोघी जावा, एक फोटो स्टुडिओ आणि एक कॉम्प्युटर, एवढ्यावर ते घर चालत होतं. खाली रस्त्याला लागून स्टुडिओ, मागून जिना, वर दोन भावांचे दोन संसार. भाऊ कॅमेरे घेऊन बाहेर जात. त्यांनी आणलेलं चित्रण निवडून, धुऊन-पुसून गिऱ्हाइकाच्या हातात देण्याजोगं करणं हे बायकांचं काम. पूर्वी जिथे डार्करूम होती त्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. खोलीला खिडकी नव्हती आणि भिंतींचा काळा रंग अजून तसाच होता, कारण रंगाऱ्याला बोलवायचं दरवर्षी ठरे आणि दरवर्षी राही.

तो कॉम्प्युटर चौदा वर्षं थोरलीनं सांभाळला होता. म्हणजे डबा तीनदा बदलला, पण सांभाळणारी तीच. शेवटचा डबा आला तेव्हा आतल्या हार्ड डिस्कचे तीन भागही तिनंच पाडले. सीमध्ये कॉम्प्युटरचं स्वतःचं सामान, डीमध्ये तिचे अल्बम, आणि ई रिकामा. "असू दे, पुढेमागे लागेल," असं ती तेव्हा म्हणाली होती. पुढेमागे धाकटी जाऊ आली.

धाकटी आली तेव्हा माउसचं उजवं बटण कशाला असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. थोरलीनं तिला शेजारी स्टुलावर बसवून शिकवलं. चेहऱ्यावरचा डाग कसा काढायचा, फाइलला नाव कसं द्यायचं, वीज गेली तर आधी कशाचं बटण बंद करायचं, सगळं. रिकामा ई तिनं तिलाच दिला, सरावाला. सराव करता करता धाकटी व्हिडिओकडे वळली, आणि तीन वर्षांत कानामागून आली ती तिखट झाली. आता अल्बमला कुणी विचारत नव्हतं. लोक येत ते थेट विचारत, पाच मिनिटांचा व्हिडिओ किती दिवसांत मिळेल. थोरलीच्या टेबलाचा एक कोपरा गेला, मग स्टूल जाऊन खुर्ची आली, मग सकाळची वेळ गेली. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून सकाळ धाकटीला, आणि जेवणानंतर डोळे मिटायला लागतात ती वेळ थोरलीला.

हे कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. प्रत्येक वेळी धाकटीनं "ताई, चालेल ना?" असं विचारलं होतं, आणि थोरलीनं "चालेल की," म्हटलं होतं. तेच तर दुखणं होतं. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण उभं राहून भांडायला समोरचीनं काहीतरी वाकडं बोलावं लागतं. ही बोलतच नव्हती. तिच्यात खोड काढावी तर खोडही सापडत नव्हती. मग थोरली बारीकसारीक गोष्टींत जळत बसे. दुपारी खुर्चीत बसलं की खुर्ची चार बोटं खाली केलेली असे. हेडफोन दुसऱ्याच्या डोक्याच्या मापाचा झालेला असे. धाकटी की-बोर्डवर दोन्ही हात असे टाकायची की माउसला हात लावायची वेळच येत नसे. हे तिला थोरलीनं शिकवलेलं नव्हतं. कुठून शिकली कोण जाणे.

एकदा जेवताना थोरलीचा नवरा म्हणाला, "तिचा हात काय बसलाय. आपण सगळे बैलगाडीत होतो म्हणायचं."

थोरलीनं मान खाली घालून पुढचा घास घेतला. आपण सगळे, म्हणजे कोण, हे तिला बरोबर कळलं.

त्या वर्षी गावातल्या शाळेला पन्नास वर्षं झाली. शाळेनं अर्ध्या तासाची फिल्म करायचं काम स्टुडिओला दिलं आणि दिरानं ते सरळ आपल्या बायकोला देऊन टाकलं. थोरली त्याच शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत शिकली होती. फिल्ममध्ये जुन्या लोकांच्या मुलाखती असणार हे कळल्यावर तिनं मनातल्या मनात काय बोलायचं ते ठरवूनही टाकलं. पाण्याच्या टाकीमागे बसून डबा खायचो ते. चित्रकलेच्या बाईंनी तिला वर्गाबाहेरच्या भिंतीवर झाड काढायला दिलं होतं ते. एकदोनदा तिनं जेवताना विषयही काढला.

"आम्हाला चित्रकलेच्या बाई होत्या," ती म्हणाली. "फार सुंदर शिकवायच्या."

"हो का?" धाकटीनं लगेच वही ओढली. "अजून असतात का त्या इथे? पत्ता आहे?"

थोरलीनं पत्ता दिला. नंतर पंधरा दिवस ती वाट बघत राहिली. एका दुपारी आपल्या वेळेच्या जरा आधीच ती खाली आली, तर पडद्यावर चित्रकलेच्या बाई बोलत होत्या. केस पार पिकलेले, पण हात तसेच, हवेत रेघा काढत बोलणारे. धाकटी कानाला हेडफोन लावून त्यांचं वाक्य पुढेमागे करत होती.

"या कधी झाल्या?" थोरलीनं विचारलं.

"मंगळवारी. तुमच्यामुळे मिळाल्या ताई, खूप छान बोलल्या." धाकटीनं एक कान मोकळा केला. "अकरा मुलाखती झाल्या. आता बास, एवढ्याच घेणार."

अकरा. थोरली त्यात नव्हती, आणि आपण नाही हे धाकटीच्या लक्षातही आलेलं नाही, हे तिला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. मुद्दाम वगळलं असतं तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी जागा संपली. धाकटी फिल्मचा पहिला तुकडा तयार करायला बसली आणि निम्म्यावर कॉम्प्युटर थांबला. ईमध्ये चार जीबी उरले होते, पट्टी लाल झाली होती. समारंभ पुढच्या रविवारी, हातात दहा दिवस. रात्रीच्या जेवणाला चौघं बसले तेव्हा तोच विषय निघाला.

"डीमध्ये किती आहे?" थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं.

"पाचशे. त्यातले एकशेवीस मोकळे," थोरली म्हणाली.

"अगं मग दे की तिला. तुझं सगळं जुनंच आहे ते."

"देते की. मी कुठे नाही म्हणाले?" थोरलीचा आवाज अगदी सरळ होता. "पण ते पाण्यासारखं इकडून तिकडे ओतता येत नाही. डी आकसला की मोकळी जागा डीच्या शेवटी येते, म्हणजे ईच्या आधी. आणि ई फक्त पुढे वाढतो, मागे वाढत नाही. त्यामुळे ईमधलं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर काढायचं, ई पुसून टाकायचा, आणि तो नव्यानं मोठा करायचा. मग सामान परत आत."

दीर हसला. "म्हणजे घरातलं सामान रस्त्यावर काढायचं, भिंत पाडायची, परत बांधायची."

"तसंच समजा."

धाकटी ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुम्हीच कराल का? मला पुसायच्या नावानंच भीती वाटते. उद्या दुपारी मी शाळेत खेळांचं शूटिंग करायला जाणार आहे, तेवढ्या वेळात झालं तर..."

"करते," थोरली म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला त्या घरात कुणी काही मागितलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर ती एकटी मागच्या खोलीत बसली. आधी तिनं आपलं घर, म्हणजे डी, आवरायला घेतलं. कचरापेटी रिकामी केली, वीस जीबी. तात्पुरत्या फाइली काढल्या, नऊ जीबी. मग अल्बम उघडले आणि तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. एकेका अल्बमच्या सात सात प्रती. फायनल, फायनल दोन, फायनल नक्की, फायनल नक्की हाच, आणि त्याखाली हाच घ्या. कुणी सात वेळा फायनल करतं का? पण ती करत आली होती, कारण गिऱ्हाईक मत बदलतं आणि मग जुनं मागतं. तासाभरात तिनं दीडशे जीबी मोकळे केले. एका जोडप्याचा अल्बम पुसताना हात थांबला. त्यांचा घटस्फोट होऊन आठ वर्षं झाली होती. तिनं तो पुसला.

मग तिनं ई उघडला. इतके दिवस तो उघडायचं काही कारण नव्हतं. आत सगळं कपाटात घड्या घालून ठेवावं तसं होतं. प्रत्येक कामाला एक फोल्डर, त्यात मूळ चित्रण, आवाज, संगीत, तयार. तारखा एका पद्धतीच्या. कुठेही फायनल नक्की हाच नाही. थोरली बराच वेळ ते बघत बसली. वापरून झालेल्या वस्तूही इतक्या नीट ठेवणारी बाई कशी असते?

तिनं बाहेरची डिस्क लावली, तीत एक फोल्डर केलं, त्यात दुसरं, त्यात तिसरं, आणि ईमधलं सगळं उचलून आत टाकलं. अडीच तास लागतील, असं कॉम्प्युटर म्हणाला. ती पुढे काउंटरवर जाऊन बसली. दोन पासपोर्ट फोटो काढले. एका बाळाला हसवायला पंधरा मिनिटं खुळखुळा वाजवला, शेवटी बाळाची आई हसली आणि बाळ रडलं तेव्हा फोटो निघाला. परत आत आली तेव्हा पडद्यावर एक चौकट उघडून थांबली होती.

फाइलचा पत्ता फार लांब आहे, असं ती चौकट सांगत होती. शाळेच्या कामाच्या फोल्डरमध्ये 'मुलाखती मूळ चित्रण' नावाचं फोल्डर होतं, आणि थोरलीनं बाहेर एकात एक तीन फोल्डर केल्यामुळे तो सगळा पत्ता मावेनासा झाला होता. तिला हे नवं नव्हतं. स्वतःच्या अल्बमांच्या वेळी दहादा झालं होतं. नाव छोटं करायचं आणि पुन्हा प्रयत्न करा म्हणायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

चौकटीत तीन बटणं होती. पुन्हा प्रयत्न, रद्द, आणि स्किप, म्हणजे ही फाइल सोडून पुढे जा. शेजारी एक छोटा चौकोन होता, त्यात खूण केली की पुढच्या सगळ्या फाइलींना तोच न्याय.

थोरलीनं फाइलीचं नाव वाचलं. चित्रकलेच्या बाईंची होती. तिनं चौकोनात खूण केली आणि स्किप दाबलं.

हात घामेजला नाही की छाती धडधडली नाही. नंतर तिनं आठवून बघितलं तेव्हा तिला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटली. तेव्हा मात्र तिनं फक्त मागे टेकून घेतलं. उरलेली कॉपी पूर्ण झाली. मग तिनं डिस्कचा नकाशा उघडला, तीन पट्ट्या शेजारी शेजारी. डी आकसला. धाकटीला दोनशे देता आले असते, तिनं एकशेवीस दिले. शेवटी ईवर गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का ताई?" मागे मैदानावरचा गलका ऐकू येत होता.

"होत आलंय. सगळं बाहेर काढलं."

"सगळं आलं ना नीट?"

"आलं," थोरली म्हणाली.

फोन ठेवून तिनं ई पुसला. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? तिनं हो म्हटलं. नवा मोठा ई तयार झाला, रिकामा, स्वच्छ.

संध्याकाळी धाकटी आली ती चपला काढून थेट आत. सामान आत आणायच्या आधी ती बाहेरच्या डिस्कमधलं एकेक फोल्डर उघडून बघायला लागली. असं बघणं तिच्या स्वभावातच होतं. थोरली काउंटरवर कापलेले फोटो पाकिटात भरत होती. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"ताई, मुलाखतींचं फोल्डर दिसत नाहीये."

"नीट बघ. तू दुसरीकडे ठेवलं असशील."

"नाही हो, ह्यातच..." मग बराच वेळ नुसता माउसचा आवाज. दीर आला, तोही आत गेला. कॅमेऱ्याच्या कार्डांची चौकशी झाली. कार्डं धाकटीनं त्याच दिवशी सकाळी खेळांसाठी पुसून घेतली होती.

"कार्ड पुसायची इतकी घाई काय होती?" दीर म्हणाला. "किती वेळा सांगितलं, दोन ठिकाणी ठेवत जा."

"ईमध्ये होतं ना. मी ठेवलं होतं."

"मग कुठे गेलं? पाय फुटले?"

धाकटीनं रिकामा ई पुन्हा एकदा उघडून बघितला. मग म्हणाली, "माझ्याकडूनच हललं असेल. गुरुवारी जागा करताना मी बरंच इकडचं तिकडे केलं होतं."

थोरली खोलीच्या दारावरच्या पडद्याबाहेर उभी होती. मिठाची गुळणी धरल्यासारखी. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. त्या नीटनेटक्या बाईला तिच्या नवऱ्यानं बोल लावला, तिचं काहीतरी हरवलं, तिनंच हरवलं असं ती स्वतः म्हणाली. थोरलीनं त्या संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी सकाळी धाकटी वही घेऊन काउंटरच्या टोकाला बसली. वहीत अकरा नावं आणि फोन नंबर होते. पहिला फोन लावला.

"नमस्कार सर, मी स्टुडिओतून बोलतेय. सर, तुमची मुलाखत माझ्या हातून गेली. हो, पुसली गेली. चूक माझीच झाली. पुन्हा थोडा वेळ द्याल का?"

थोरली फोटो कापत होती. दुसरा फोन. "चूक माझीच झाली." तिसरा फोन, पलीकडचा माणूस इतका मोठ्यानं बोलत होता की काउंटरच्या ह्या टोकाला ऐकू येत होतं. त्यानं त्या दिवशी मुद्दाम कोट इस्त्री करून घातला होता म्हणे. "हो काका. चूक माझीच आहे." चौथ्यानं उचलला नाही. पाचव्या चित्रकलेच्या बाई. त्यांच्याशी बोलताना धाकटीचा आवाज बारीक झाला. मग तिनं फोनवर हात ठेवून थोरलीकडे बघितलं.

"ताई, तुम्ही बोलता का? तुमची ओळख आहे ना. त्या दमल्यात म्हणतायत, नको म्हणतायत."

थोरलीला फोन घ्यावा लागला. तिनं आपलं नाव सांगितलं, साल सांगितलं, भिंतीवरच्या झाडाचं सांगितलं.

"झाड?" बाई म्हणाल्या. "किती मुलांनी किती झाडं काढली बाळा. नाही लक्षात. आणि आता परत बोलणं होणार नाही मला. त्या दिवशीच दोन दिवस घसा धरला होता."

"बरं बाई. असू दे," थोरली म्हणाली आणि फोन परत दिला. धाकटीनं तो कानाला लावला, बाईंची पुन्हा माफी मागितली, आणि वहीत त्या नावावर रेघ मारून सहावा नंबर लावायला घेतला.

थोरलीनं कात्री पुढे ढकलली तर पासपोर्ट फोटोतल्या माणसाचा कान कापला गेला. तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, मी बाहेरचं सामान ईमध्ये टाकायला लावतोय. तेवढं तरी मार्गी लागू दे."

बाकी कुणाला माहीत नव्हतं ते थोरलीला माहीत होतं. ई पुसला म्हणजे आतलं लगेच नाहीसं होत नाही. नकाशावरची रेघ फक्त पुसली जाते, माल तसाच पडून असतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं की मग गेला. नव्या ईवर अजून एक अक्षर लिहिलं गेलं नव्हतं. नवऱ्यानं एक बटण दाबलं की तीनशे जीबी त्याच्यावर येऊन बसणार होते. आणि थांबा म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं.

"लावू नका," ती म्हणाली. आत जाऊन तिनं त्याच्या हाताखालून माउस काढून घेतला. "काही लावू नका. कॉम्प्युटर बंद करा."

"का?"

धाकटी पडदा सारून आत आली होती. फोन तिच्या हातात होता, पलीकडे घंटी वाजत होती.

"मुलाखती ईमध्येच होत्या," थोरली म्हणाली. "कॉपी करताना अडल्या. मी स्किप दाबलं."

"चुकून दाबलं असेल," नवरा घाईनं म्हणाला. "इतक्या चौकटी येतात. होतं असं."

त्यानं तिला सुटायला दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"चुकून नाही. नाव वाचून दाबलं. आणि हिनं फोनवर विचारलं तेव्हा सगळं आलं म्हणून सांगितलं."

धाकटीनं फोन बंद केला. मग विचारलं, "का?"

"मला तुझा हेवा वाटतो."

"ते मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण मला वाटायचं, तुम्ही फाइलींना हात लावणार नाही."

थोरलीनंच कॉम्प्युटर बंद केला.

दुपारी थोरलीनं स्वतः डबा उघडून डिस्क काढली, फडक्यात गुंडाळली आणि तीन गल्ल्या सोडून असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो चष्मा कपाळावर ठेवून जगाकडे तक्रारीनं बघणारा माणूस होता.

"कुणी केलं?"

"मी."

"पुसताना फॉरमॅट पूर्ण केला की वरवरचा, क्विक?"

"क्विक."

"नंतर काही टाकलं?"

"नाही."

"मग नशीबवान आहात," तो म्हणाला. असं म्हणवून घेणं तिला फार जड गेलं. "सोमवारी या. सगळं मिळेल असं सांगत नाही."

दिराला शनिवारीच कळलं. तो भांडला नाही, पण रविवारी जेवायला वेगळा बसला. थोरलीचा नवरा एकदाच म्हणाला, "मला सांगायचंस." त्यावर ती म्हणाली, "काय सांगणार होते? तुम्हीच तर म्हणालात, बैलगाडीत होतो." तो चमकला. ते वाक्य त्याच्या लक्षातही नव्हतं.

सोमवारी दहा मुलाखती परत मिळाल्या. फाइलींची नावं जाऊन नुसते आकडे राहिले होते, पण चित्र होतं, आवाज होता. अकरावी चित्रकलेच्या बाईंची. तिच्यात चित्र होतं आणि आवाज नव्हता. बाई तोंड हलवत होत्या, हात हवेत फिरत होते, आणि काही ऐकू येत नव्हतं.

थोरलीनं दहा फाइलींना एकेक करून नावं दिली. धाकटीच्या पद्धतीनं, तारीख आधी. मग डीमधले राखून ठेवलेले ऐंशी जीबीही देऊन ई पुन्हा पाडला, ह्या वेळी हात न आखडता, आणि सामान आत ठेवलं. काम झाल्यावर ती वर गेली आणि दारातूनच म्हणाली, "बाईंकडे मी जाते. हात जोडते. तू चल कॅमेरा घेऊन."

"नको," धाकटी म्हणाली. "त्या नाही म्हणाल्यात. त्यांना त्रास नको." आणि मग, "तुम्ही नका येऊ कामात. आत्ता नको."

थोरलीनं एवढंच केलं की स्टुडिओनं शाळेचे चौदा वर्षं काढलेले वर्गांचे फोटो डीमधून शोधून, एका फोल्डरमध्ये ओळीनं लावून ठेवले आणि चिठ्ठी चिकटवली, लागले तर घे. धाकटीनं त्यातले नऊ घेतले. बाकीचे घेतले नाहीत.

त्याच आठवड्यात धाकटीनं स्वतःची वेगळी डिस्क विकत आणली. काम संपलं की ती काढून पिशवीत टाकायची आणि वर घेऊन जायची. थोरली रोज ते बघे.

रविवारी शाळेच्या मैदानावर पडदा लावला होता. थोरली शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. फिल्म चांगली झाली होती, हे पहिल्या मिनिटातच कळलं. कोट इस्त्री करून घातलेल्या काकांना लोक हसले ते प्रेमानं हसले. मग चित्रकलेच्या बाई आल्या. धाकटीनं त्यांच्या नुसत्या हातांचं चित्र ठेवलं होतं, त्याच्याखाली हळू संगीत. हात एक रेघ काढत, थांबत, पुसत, पुन्हा काढत. मैदान गप्प झालं. थोरलीच्या शेजारची बाई डोळे टिपायला लागली. आवाज असता तर इतकं चांगलं झालं नसतं, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि थोरलीनं मागे वळून बघितलं नाही.

आणि त्याच क्षणी, टाळ्या वाजत असताना, तोच हेवा पुन्हा वर आला. आपण असं केलं असतं का? सुचलं असतं का? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. ती टाळ्या वाजवत होती आणि जळतही होती, दोन्ही मनापासून.

लोक उठले. एक बाई लगबगीनं तिच्याकडे आल्या. स्टुडिओच्या काउंटरवर त्यांनी तिला अनेकदा बघितलं होतं.

"तुम्हीच केलीत ना फिल्म? काय सुंदर केलीत. ते हात तर... कसं सुचतं हो तुम्हाला?"

थोरलीनं पडद्याकडे बघितलं.

"मी नाही," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या जावेनं केलीय. ती तिकडे, पडद्याजवळ. निळी ओढणी."

बाई तिकडे गेल्या. थोरली लांबून बघत राहिली, बाईंनी धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले ते, धाकटी लाजली ते, दिराची मान ताठ झाली ते. बघवत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली.

सामान आवरायला ती पुढे गेली तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. धाकटी वायरी गुंडाळत होती. थोरलीनं दुसरं टोक धरलं. वायर गुंडाळून झाली.

"नीट दिसली का मागून?" धाकटीनं विचारलं.

"दिसली. दुसऱ्या काकांचा आवाज जरा कमी होता."

"हो. मला पण वाटलं." धाकटीनं तिवई उचलून तिच्या हातात दिली. कॅमेऱ्याची आणि डिस्कची पिशवी तिनं स्वतःच्या खांद्याला लावली, पट्टा आखूड करून नीट अंगाशी घेतली, आणि दोघी घराकडे निघाल्या.